ऑइल फिल्टर : डबा कापल्यावर कळणाऱ्या गोष्टी

गाडीची देखभाल : लेखांक ६

मागच्या आठवड्यात ऑइलची ग्रेड कशी वाचायची ते पाहिले. आता ते ऑइल पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत स्वच्छ ठेवण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्या फिल्टरकडे वळू. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात एकाच गाडीसाठी तीन-चार कंपन्यांचे ऑइल फिल्टर सहज निघतात. पत्र्याचा रंगवलेला डबा, तळाशी रबराची रिंग, मधोमध आटे पाडलेले भोक; बाहेरून सगळे सारखेच दिसतात. किमतीत मात्र दुपटीचा फरक असू शकतो. मग गिऱ्हाईक डबा हातात तोलून बघते आणि जड तो चांगला असे ठरवून मोकळे होते. पण वजन बहुतेक पत्र्याचे असते. खरे काम करतो तो आतला घड्यांचा कागद, आणि तो वजनाला अगदीच हलका असतो.

मोटारींच्या पहिल्या काही वर्षांत ऑइल फिल्टर नव्हताच. ऑइल खराब झाले की काढून टाकायचे आणि नवे भरायचे, तेही फार लवकर लवकर. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर तयार केला आणि त्याला ‘प्युरोलेटर’ हे नाव दिले. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना हे नाव चांगलेच ओळखीचे आहे. सुरुवातीच्या त्या फिल्टरांमधून ऑइलचा थोडासा भागच जात असे; बाकीचे तसेच इंजिनात फिरे. आजच्या गाड्यांत पंपाने ढकललेले सगळे ऑइल आधी फिल्टरमधून आणि मगच क्रँकच्या बेअरिंगांकडे जाते. यात फायदा आहेच, पण एक अडचणही आहे. सगळेच ऑइल एका कागदातून जाणार म्हटल्यावर तो कागद वाटेल तेवढा बारीक करता येत नाही. फार बारीक केला तर ऑइल अडते आणि बेअरिंगे कोरडी पडतात. किती बारीक कण अडवायचा, ऑइल किती सहज जाऊ द्यायचे आणि किती घाण पोटात साठवायची, या तीन गोष्टी एकमेकींना ओढत असतात. एकीला झुकते माप दिले की दुसरीला कात्री लागते. फिल्टरची गुणवत्ता ठरते ती या तिन्ही सांभाळण्यातून.

घाण येते कुठून? एअर फिल्टरमधून निसटलेली धूळ, इंजिनाच्या झिजेतून सुटलेले धातूचे कण, इंधन जळताना तयार होणारी काजळी आणि तापून तापून ऑइलचाच होणारा चिकट गाळ. यांतली काजळी एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक असते आणि ती कोणत्याही नेहमीच्या ऑइल फिल्टरला अडवता येत नाही. डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे दिसू लागते ते यामुळे. ऑइल काळे झाले म्हणून फिल्टरला दोष देणे चुकीचे आहे. काजळीचे कण सुटे सुटे तरंगत ठेवणे हे ऑइलमधल्या रसायनांचे काम असते. खरा धोका धुळीचा आणि धातूच्या कणांचा. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनांचाच असतो. त्याच जाडीच्या आसपासचा कडक कण त्या फटीत शिरला की दोन्ही पृष्ठभाग ओरखडत जातो. नुसत्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. म्हणजे इंजिन झिजवणारी बरीचशी घाण आपल्याला कधी दिसणारच नसते.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘हा वीस मायक्रॉनचा फिल्टर आहे’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. फिल्टरचा कागद वाळू चाळायच्या जाळीसारखा नसतो, की ठरावीक मापाची भोके आणि त्याहून मोठे ते वर राहिले. तो तंतूंचा गुंता असतो. वीस मायक्रॉनचे काही कण त्यात अडकतात, काही वाट काढून जातात. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा : वीस मायक्रॉनच्या कणांपैकी किती टक्के अडकतात? निम्मे अडकले तरी ‘वीस मायक्रॉनचा’ म्हणता येते आणि शंभरातले नव्व्याण्णव अडकले तरीही म्हणता येते. मायक्रॉनचा आकडा टक्केवारीशिवाय सांगणारा माणूस एक तर अजाण असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो.

ही टक्केवारी मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे : आयएसओ ४५४८ या मानकाचा बारावा भाग. यात ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवले जाते आणि त्यात ठरावीक प्रकारची चाचणीची धूळ सतत मिसळली जाते. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे कण मोजणारी यंत्रे असतात. फिल्टर तुंबून दाबातला फरक ठरावीक मर्यादेला पोचेपर्यंत चाचणी चालते. शेवटी दोन गोष्टी कळतात : कोणत्या आकाराचे किती टक्के कण अडले आणि फिल्टरने एकूण किती ग्रॅम धूळ पोटात घेतली. टक्केवारी वाचतानाही डोके जागे ठेवायला हवे. ९५ आणि ९९ यांत चारच टक्क्यांचा फरक वाटतो. पण हजार कण आले तर पहिल्यातून ५० निसटतात आणि दुसऱ्यातून १०. इंजिनाच्या दृष्टीने हा पाचपटीचा फरक आहे.

बारीक गाळण्याने झीज खरोखर कमी होते का? जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या एसएई या संस्थेच्या शोधनिबंधात याचे उत्तर मांडले. ४० मायक्रॉनच्या गाळणीशी तुलना करता ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज निम्म्यावर आली आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्क्यांनी घटली. ही चाचणी ऑइलमध्ये मुद्दाम धूळ मिसळून, झीज लवकर घडवून आणून केलेली होती. त्यामुळे महाग फिल्टर लावला की आपल्या गाडीचे आयुष्य तेवढ्याच पटीने वाढेल असा हिशेब कोणी मांडू नये. पण बारीक कण महत्त्वाचे असतात, ही दिशा त्यातून पक्की झाली.

डबा कापला की बाकीच्या गोष्टी दिसतात. हॅक्सॉने कापू नका, त्याचा कीस आत पडतो आणि मग धातूचा कण इंजिनाचा की करवतीचा ते कळत नाही. फिल्टर कापायचे गोल कटर मिळते, ते वापरावे. आतला कागद सोडवून, घड्या उलगडून त्याची लांबी-रुंदी मोजली की क्षेत्रफळ निघते. एकाच गाडीसाठी विकल्या जाणाऱ्या दोन फिल्टरांत कागद बराच कमी-जास्त असू शकतो. कमी कागद म्हणजे लवकर तुंबणे. मात्र खूप घड्या दाटीवाटीने कोंबल्या असतील तर त्यांच्या आतपर्यंत ऑइल पोचत नाही आणि जास्तीचा कागद वाया जातो. साधा कागद लाकडाच्या तंतूंचा, रेझिन पाजून कडक केलेला असतो. वरच्या किमतीच्या फिल्टरांत त्यात कृत्रिम किंवा काचेचे बारीक तंतू मिसळतात. ते एकसारख्या जाडीचे असल्याने ऑइलला फार न अडवता बारीक कण धरतात आणि जास्त घाण साठवतात.

कागदाच्या दोन्ही टोकांना टोप्या असतात, पत्र्याच्या किंवा जाड पुठ्ठ्यासारख्या तंतूंच्या. पुठ्ठ्याची टोपी दिसली की फिल्टर टाकाऊ, असे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. टोपी कशाची आहे यापेक्षा ती कागदाला सगळीकडून नीट चिकटली आहे का, हे बघायला हवे. पत्र्याच्या टोपीखाली डिंक एका बाजूला कमी पडला असेल तर त्या फटीतून ऑइल न गाळता निघून जाते. मग कागद कितीही उत्तम असला तरी उपयोग शून्य. मधल्या नळीची भोकेही पाहावीत. काही फिल्टरांत ती पत्रा चिरून उचललेल्या झडपांसारखी असतात आणि कधी कधी नीट उघडलेलीच नसतात. तिथे ऑइल अडते.

दोन व्हॉल्व्ह मात्र सर्वांत दुर्लक्षित राहतात, आणि माझ्या मते स्वस्त फिल्टर मार खातो तो बहुधा इथेच.

पहिला बायपास व्हॉल्व्ह. थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो, तेव्हा कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात मोठा फरक पडतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जाते. अस्वच्छ ऑइल चालेल, पण कोरडे इंजिन नको, असा हा हिशेब. किती दाबाला उघडायचे हे इंजिनाप्रमाणे ठरते. बऱ्याच गाड्यांत ते एक बारच्या आसपास असते. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असतो, तिथे फिल्टरमध्ये तो नसतो. गॅरेजमध्ये ‘आटे बसतात ना, मग चालतो’ असे ऐकू येते, तेव्हा काळजी वाटते ती यामुळे. आटे तेच, रिंगेचे माप तेच, पण व्हॉल्व्हचा दाब वेगळा असू शकतो. स्प्रिंग कमजोर असेल तर हा व्हॉल्व्ह रोजच्या चालवण्यातही उघडत राहील, आणि मालकाला ते कधीच कळणार नाही.

दुसरा व्हॉल्व्ह रबराचा. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर इंजिन बंद झाल्यावर त्यातले ऑइल चेंबरमध्ये उतरू पाहते. ते अडवायचे काम या रबराचे. तो गळका असेल तर सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइलचा लाल दिवा रोजच्यापेक्षा जास्त वेळ राहतो आणि वरून टॅपेटचा टक-टक आवाज येतो. साधे नायट्राइल रबर उष्णतेने कडक होते. सिलिकोन बराच काळ लवचिक राहते. डबा न कापताही तळाच्या बारीक भोकांतून हे रबर दिसते. नायट्राइल बहुधा काळे, सिलिकोन बहुधा केशरी किंवा लाल. पण नुसत्या रंगावर विसंबू नये, रबर सगळीकडून सपाट टेकले आहे का तेही पाहावे. फिल्टर तोंड वर करून उभा बसवलेला असेल तर या व्हॉल्व्हचे महत्त्व बरेच कमी होते.

सगळ्या गाड्यांत डबा नसतोच. ह्युंदाईच्या १.६ लिटर डिझेलसारख्या इंजिनांत घर कायमचे असते आणि आतला कागदी भागच बदलतात. त्यात कागद उघडा हातात येतो, त्यामुळे तुलना सोपी. फक्त त्यासोबत आलेल्या रबरी रिंगा न विसरता बदलायला हव्यात.

मग घ्यायचा कोणता? वर्षातून एकदा किंवा १० हजार किलोमीटरला ऑइल बदलणाऱ्या पेट्रोल गाडीला, गाडीच्या कंपनीच्या पार्ट नंबरचा किंवा त्याच गाडीसाठी नावाजलेल्या फिल्टर कंपनीने बनवलेला साधा कागदी फिल्टर पुरेसा आहे. ऑइल त्याहून जास्त अंतर चालवायचे असेल तर मिश्र किंवा कृत्रिम तंतूंचा घ्यावा. त्याची साठवण्याची ताकद तिथेच कामी येते. नाव न ऐकलेला, निम्म्या किमतीचा फिल्टर घेऊ नये. ऑइलच्या खर्चापुढे वाचणारी रक्कम किरकोळ असते. नकली माल ही आपल्या बाजाराची खरी दुखरी नस आहे. आट्यांवर राहिलेली कूस, रिंग खोबणीत सैल, खोक्यावर पुसट छपाई, निर्मितीचा महिना गायब, यांपैकी काहीही दिसले तर फिल्टर परत करावा. पक्के बिल घ्यावे.

आणखी एक मागणी मी इथे ठामपणे नोंदवतो. आपल्याकडच्या खोक्यांवर किंमत असते, पार्ट नंबर असतो, पण किती मायक्रॉनला किती टक्के, हे क्वचितच छापलेले असते. ग्राहकाला हे सांगायलाच हवे. अमेरिकेत काही कंपन्या आयएसओ चाचणीचा आकडा जाहीर करतात. इथल्या कंपन्यांनाही ते अवघड नाही. दुकानदाराकडे, कंपनीच्या ग्राहक सेवेकडे विचारत राहा. विचारणारे वाढले की छापणारेही वाढतील.

बसवताना एकच गोष्ट तपासून घ्या. जुन्या फिल्टरची रबर रिंग कधी कधी इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रिंगांमधून सगळे ऑइल काही मिनिटांत बाहेर पडू शकते. जुना काढल्यावर रिंग त्याच्याबरोबर आली का, ते मेकॅनिकला दाखवायला सांगा. नव्या रिंगेला ऑइलचे बोट लावावे, ती टेकेपर्यंत हाताने फिरवावे आणि मग डब्यावर छापले असेल तेवढेच, बहुधा पाऊण फेरा, घट्ट करावे. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून खाली वाकून गळती बघावी, बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिकवर पातळी पाहावी आणि कमी असेल तेवढे ऑइल वाढवावे.

(पुढील आठवड्यात : एअर फिल्टर आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ)