अकरा तास उभी असलेली स्कूटर

वाचकहो, चार्जिंगला शुद्ध मराठीत ‘प्रभारण’ म्हणतात हे मला परवा संपादकांनी सांगितलं. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे चार्जिंगच लिहिणार. सांभाळून घ्या!

आम्ही देहूरोडला राहतो. बाबांनी हौसेने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. इलेक्ट्रिक चेतक तर लोकलने पुढच्याच स्टेशनवर, आकुर्डीत बनते, मग आपल्याकडे नको का? पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून वायर सोडली तर सोसायटीने हरकत घेतली, आणि त्यांचंही काही चुकलं नाही. आता बाबा म्हणतात, “विकून टाकू, पेट्रोलची घेऊ.”

मला ते पटेना, म्हणून वही घेऊन बसले. बाबा आईला तळवड्याला सोडून स्टेशनजवळच्या स्टँडवर गाडी लावतात आणि लोकलने पुण्याला जातात. म्हणजे गाडी रोज चालते २० किलोमीटर आणि नुसती उभी असते ११ तास! बॅटरी ३ युनिटची, प्रत्यक्षात ८० किलोमीटर जाते असं धरा. मग दर तिसऱ्या दिवशी चार्जिंग पुरे, आणि साध्या चार्जरवर (सुमारे ७०० वॅट) त्याला चार तास लागतात.

आता समजा स्टँडवर अशा ४० गाड्या आहेत. ४० प्लग लागतील? नाही. रोज १४ गाड्यांचीच पाळी येते. त्यातल्या सात सकाळी, सात दुपारी. मालक तर पुण्यात, प्लग बदलणार कोण? म्हणून दोन-दोन प्लगना एक टायमर जोडायचा. पहिल्याचे तास संपले की वीज दुसऱ्याकडे. एका वेळी सात गाड्या, म्हणजे जेमतेम ५ किलोवॅट. मुंबई-पुणे रस्त्यावरचा एक ३० किलोवॅटचा फास्ट चार्जर याच्या सहापट वीज ओढतो!

फास्ट चार्जर वाईट असं नाही, पण त्याची जागा हायवेवर. तिथे माणूस चहा पिऊन निघतो. बॅटरी भरल्यावरही गाडी तिथेच ठेवली तर मागचा खोळंबतो, म्हणून तिथे युनिटबरोबर रेंगाळण्याचेही पैसे लावायला हवेत. स्टेशनवर उलट, गाडी दिवसभर उभी राहणारच. तिथे घाई कसली? निगडीच्या भक्ती-शक्ती डेपोत २०१९ पासून पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस आहेत. तिथे कुठली बस कधी उभी राहणार हे वेळापत्रकच सांगतं. आपल्या लोकलवाल्यांचं वेळापत्रक काय वेगळं असतं?

आणि स्टँडवाल्याला वीज विकायचं लायसन्स लागत नाही बरं का. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असं केंद्रीय वीज मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

हे सगळं मी स्टँडवरच्या काकांना आकृती काढून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि पावसात गं?”

छप्पर, अर्थिंग, गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर... हा खर्च मी धरलाच नव्हता. वही पुन्हा उघडली आहे. बाबांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.