तपासणीपूर्वी गोठ्याची सिद्धता

जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात सरकीची पेंड हा दुभत्या जनावरांचा नित्याचा खुराक असल्यामुळे, गुणवत्ता-तपासणीस सामोरे जाणाऱ्या पशुपालकाने प्रथम आपले कोठार कोरडे राखावे. कारण ओलसर पेंडीवरील बुरशीचे विष दुधात उतरते, आणि त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

दफ्तर : प्रत्येक जनावराचा १२ अंकी कानबिल्ला, दर ६ महिन्यांच्या लाळ्या-खुरकूत लसीची तारीख आणि औषधोपचार यांची तपशीलवार नोंद असावी.

मुदत : औषधाच्या वेष्टनावर निराळा कालावधी नमूद नसल्यास, उपचारानंतर किमान ७ दिवस त्या जनावराचे दूध विक्रीस देऊ नये.

दोहन : कास धुऊन, पुसून, पहिल्या धारा निराळ्या भांड्यात काढाव्यात. ही शिस्त तपासनिसासाठी नव्हे, दूध पिणाऱ्या बालकासाठी नित्य पाळावी.