हिशेब शिकवणारा खेळ : 'खेप'

आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनमधून बोलतोय. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीत जागा मिळाली आणि हे शहर वसलं. आजही इथे पत्ता सांगताना कॅम्पचा आकडाच सांगतात. तुमच्यापैकी काही जणी विक्रीसाठी आमच्या गजानन मार्केटमधून माल नेतात. खेपेत किती सुटले असं विचारलं, की वही एकीच्याच हातात असते आणि बाकीच्या मान डोलावतात. त्या बाकीच्यांसाठी हा खेळ.

सापशिडी आम्ही मुद्दाम घेतली नाही. तिथे फासा पडेल तसं सरकायचं, डोक्याला काम नाही. हिशेब शिकवायचा तर हिशेब करणारीच जिंकायला हवी.

जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. चौकोनाच्या चारी कडांना मिळून ४० घरं आखा. एका कोपऱ्यात तुमचं गाव, समोरच्या कोपऱ्यात गजानन मार्केट, वाटेत बदलापूर आणि अंबरनाथ. सोंगट्या म्हणून बटणं चालतील. फासे लुडोचे, पण दोन. पडलेल्या आकड्यांची बेरीज करा, वजाबाकी करा किंवा त्यातला एकच आकडा घ्या, मर्जी खेळणारीची. सहा आणि दोन पडले तर आठ, चार, सहा किंवा दोन घरं जाता येतं. अधल्यामधल्या काही घरांवर 'पाकीट पडलं, १० रुपये गेले' असं लिहा, म्हणजे ती चुकवण्यासाठी आकडेमोड होते.

प्रत्येकीला ३४० रुपये द्या, कागदाचे. मार्केटच्या घरावर थांबायचंच. तिथे डझनभर ओढण्या ४८० ला (भाव खेळातला, मार्केटात विचारू नका!) आणि जाण्यायेण्याचं भाडं ६०. झाले ५४०. कमी पडलेले २०० गटाचं कर्ज, शेकडा दोनने. एक खेप म्हणजे एक महिना, म्हणून व्याज ४ रुपये.

खरी गंमत गावात परतल्यावर. भाव आधी बोलायचा, चिठ्ठी मग उचलायची. नगामागे ४० दिले, ५० ला विकू, १० सुटतील, असं पटकन वाटतं. पण भाडं धरलं तर नग पडला ४५ ला. सुटतात पाचच, म्हणजे डझनाला ६०, आणि व्याज गेल्यावर ५६. चिठ्ठीत निघालं 'दोन नगांना डाग', तर दहाच विकल्या, आले ५००. व्याज धरून ४४ चा तोटा. मग पुढच्या वेळी भाव वाढवावा का? वाढवा, पण एका चिठ्ठीवर '५० च्या वर फक्त सहाच गिऱ्हाइकं' असंही लिहून ठेवा.

मराठी आकड्यांची अडचण वेगळीच. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना सहा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. वाद काही असो, खेळात दोन्ही चालतं. 'एकोणसत्तर' ला अडखळणारीने 'साठ नऊ' म्हणावं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : हिशेब मोठ्याने करायचा. दुसरीने चूक पकडून बरोबर उत्तर सांगितलं, तर तिला १० रुपये. चूक नसताना उगाच टोकलं, तर तिनेच १० द्यायचे. घरबसल्या नगावर धागे कापणाऱ्या आमच्या काही जणी मुकादमाला 'परत मोजा' म्हणायला लाजायच्या. इथे मात्र मोजायला लावण्याचेच पैसे मिळतात, त्यामुळे गप्प बसणारीसुद्धा बोलते.

तीन खेपा झाल्या, की कर्ज फेडून ज्या हाती जास्त पैसे उरले ती जिंकली. मात्र प्रत्येकीचे पैसे तिच्या शेजारणीने मोजायचे.