चाक निघालं, पण बुश उरला!

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी मोटारसायकल आहे ना? मग आत्ता उठा आणि तिचं मागचं चाक नीट बघून या. काय काय दिसलं? टायर, तारा आणि चेन? एवढंच? पुन्हा जा बरं!

पुढच्या चाकापेक्षा मागच्याला कामं जास्त. इंजिनाची ताकद चेनवाटे त्याच्याकडेच येते. मागे बसणाऱ्याचं बहुतेक ओझं तेच उचलतं. शिवाय मागचा ब्रेकही त्याच्याच पोटात असतो. त्यामुळे ते काढायचं म्हणजे नुसते दोन नट सोडवून भागत नाही.

पूर्वी स्कूटरवाल्यांची मजा असायची, त्यांच्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनी असायची. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका कंपनीने १९०४ च्या सुमारास जादा चाकं विकायला सुरुवात केली, आणि त्या रस्त्याचं नाव आपल्या बोलण्यात येऊन बसलं! मोटारसायकलला मात्र स्टेपनी नाही. ट्यूबवालं चाक पंक्चर झालं की तेच काढायचं आणि तेच पुन्हा बसवायचं.

मी सहावीत असतानाची गोष्ट. नागपूरचा मे महिना. सकाळी सहालाच बाबांनी अंगणात वर्तमानपत्र पसरलं, कारण दहानंतर फरशीवर पाय ठेवायची सोय नाही! माझं काम एकच, मागतील तो पाना हातात देणं. चाक निघालं, सायकलच्या कॅरिअरवर बसून पंक्चरवाल्याकडे जाऊन आलं, गाडीत परत बसलंही. बाबांनी घाम पुसला. आणि पाहतो तर काय, वर्तमानपत्रावर लोखंडाची एक बोटभर नळी तशीच पडलेली!

"बाबा, एवढीशी तर आहे. राहू द्या ना!" मी म्हटलं.

"काय बापा, राहू द्या म्हणे! इथून रामटेकला जाईपर्यंत चाक किती वेळा फिरतं, सांग पाहू?"

तुम्हीही हिशेब करा. टायरचा घेर साधारण १.९ मीटर आणि रामटेक सुमारे ५० किलोमीटर. म्हणजे जवळजवळ २६ हजार फेरे! ती नळी म्हणजे बुश. चाक आणि चिमटा यांच्यामध्ये नेमकं अंतर राखणं हे तिचं काम. मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं, त्याला मेकॅनिक 'चिमटा' म्हणतात. बुश नसेल तर चाक बाजूला सरकतं आणि चेन तिरकी चालते. बाबांनी मुकाट्याने सगळं पुन्हा सोडलं. मागच्या सीटवर आई बसणार होती ना!

आता चाक निघतं कसं, ते पाहू. पण आधी आपली अट. हे काम आई, बाबा, काका अशा मोठ्या माणसासोबतच करायचं. घट्ट नट त्यांनी सोडायचे, आपण हिशेब ठेवायचा. ही माहिती चेन आणि ड्रम ब्रेक असलेल्या गाडीची आहे. गाडीला मागे डिस्क ब्रेक असेल तर मेकॅनिकलाच बोलवा. आणि टायर ट्यूबलेस असेल तर साधं पंक्चर बहुतेक वेळा चाक न काढताच निघतं.

गाडी सपाट, टणक जागी मेन स्टँडवर घ्या. मातीत स्टँड रुततो आणि गाडी कलंडते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि किल्ली घरात! पुढच्या चाकाला वीट लावा. सायलेन्सर गार झालाय ना, तेही मोठ्यांना विचारा.

पहिल्यांदा ब्रेकच्या लांब सळईच्या टोकाचा नट फिरवून काढायचा. सळई सुटली की तिची स्प्रिंग आणि नट लगेच तिच्यावरच परत चढवून ठेवा. म्हणजे हरवायची भीती नाही.

मग ब्रेकच्या झाकणाला जोडलेली पोलादी पट्टी सोडवायची. तिला टॉर्क आर्म म्हणतात. तिच्या नटात बहुधा एक पिन असते, ती आधी काढावी लागते. ही पट्टी कशाला, ठाऊक आहे? ब्रेक दाबला की आतले ब्रेक शू फिरणाऱ्या ड्रमला घट्ट धरतात. मग ड्रम त्यांनाही आपल्याबरोबर फिरवायला बघतो. ती ओढ ही पट्टी अडवते. ती जोडायची राहिली, तर ब्रेक दाबताच झाकणच गरकन फिरेल आणि चाक अडकून गाडी आडवी होईल!

आता चाकाच्या मधोमध आरपार गेलेला एक्सल. त्याच्याजवळ चेन ताणायचे स्क्रू असतात आणि चिमट्यावर बारीक खुणा. एक्सल दोन्हीकडे कितव्या खुणेवर आहे, ते वहीत लिहा. मग मोठ्यांनी नट सोडायचा आणि लाकडाचा तुकडा मध्ये धरून एक्सल हळूच ठोकून बाहेर काढायचा. चाक खालून धरलेलं हवं, कारण ते चांगलंच जड असतं. नेमका याच वेळी बुश टपकन खाली पडतो. लक्ष ठेवा!

काही गाड्यांत चेन आणि तिचं दातेरी चक्र जागेवरच राहतं, चाक तेवढं बाजूला सरकून निघतं. काहींत चाक थोडं पुढे ढकलून चेन उतरवावी लागते. आत कप रबर दिसले तर हात लावून पाहा. इंजिनाचे हिसके तेच सोसतात. ब्रेकमधली धूळ मात्र फुंकू नका. जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसांना घातक असतं. ओल्या फडक्याने पुसा.

निघालेली प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवायची. शेजारी १, २, ३ असे आकडे टाकायचे. बसवताना उलटं मोजायचं. शेवटचा आकडा आधी, पहिला सर्वांत शेवटी. कागद रिकामा झाला तरच काम पुरं!

पण थांबा, अजून परीक्षा बाकी आहे. एक्सल दोन्हीकडे सारख्या खुणेवर आहे? चेन खालीवर हलवून पाहा. बहुतेक गाड्यांत ती दोन ते तीन सेंटीमीटर हलते, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. इंजिन बंद ठेवून हाताने टायर फिरवा आणि ब्रेक दाबून बघा. चेनजवळ बोट न्यायचं नाही. इंजिन सुरू ठेवून चेन पुसायला जाणं म्हणजे तर बोट गमावणंच!

साडीगार्ड काढला असेल तर तोही लावा. ती शोभेची वस्तू नाही बरं का! मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं असावं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. आईचा पदर आणि ताईची ओढणी त्याच्याच भरवशावर असते.

शेवटी मोठ्यांनी एकट्याने गल्लीत हळू फेरी मारायची, ब्रेक तपासायचा आणि आल्यावर नट पुन्हा बघायचे. शंका असेल तर जवळच्या मेकॅनिककडून एक्सलचा नट पक्का करून घ्या. त्यात कमीपणा कसला?

आमच्या घरी त्या दिवसापासून एक रिवाज पडला. काम झालं की बाबा विचारायचे, "कागदावर काय उरलं?" मी रिकामा कागद झटकून दाखवला, की मगच गाडीला किल्ली लागायची.

मग येत्या सुट्टीत तुमच्या अंगणात वर्तमानपत्र पसरणार ना? आणि हिशेबनीस कोण होणार?