वालूरची बारव आणि 'अनारंभ' भूमी

विनयपिटकातील सहाव्या संघादिसेस नियमानुसार, भिक्षूने स्वतः साहित्य मागून कुटी बांधावयाची असल्यास तिची जागा प्रथम संघास दाखवावी लागते. ती जागा 'अनारंभ' व 'सपरिक्कमन' असली पाहिजे. तेथे मुंग्या, वाळवी, उंदीर, सर्प आदींची वसतिस्थाने नसावीत आणि सभोवती जुंपलेली गाडी फिरेल इतकी मोकळीक असावी, असा अर्थ पाली विवरणात दिला आहे. वास्तूपूर्वी भूमीचा विचार, हेच या नियमाचे सार होय, असे आम्हांस वाटते.

हा विचार गावाच्या रचनेसही लागू पडतो. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर येथे दगडी बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्राकार वळणे घेत पाण्यापर्यंत उतरतात. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. भोवतालची जमीन पाऊस मुरवील तरच ते बारवेत पाझरते. पातळी खालावली की माणसे आणखी काही पायऱ्या उतरतात. भूमीत किती पाणी उरले, हे त्यामुळे गावाला प्रत्यक्ष दिसते. विंधन विहिरीत ते दिसत नाही. उपसा आटला म्हणजेच कळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यास अवर्षणाप्रमाणेच भूजलाचा अमर्याद उपसाही कारण होता.

वालूरची बारव गाळाने व केरकचऱ्याने भरली होती. या दशकाच्या आरंभी ग्रामस्थांनी श्रमदानाने ती मोकळी केली. नवी विहीर न खणता जुनीच पुन्हा पाण्यास खुली झाली. मात्र गाळ काढणे ही केवळ सुरुवात होय. भोवतालची जमीन फरसबंद झाली तर पाझर थांबतो. सांडपाणी जवळ मुरले तर पाणी दूषित होते. बारवेलाही 'सपरिक्कमन' हवेच.

दुसरी मोकळीक माणसांची. गावोगावच्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना शतकानुशतके मज्जाव होता, त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. म्हणून जुन्या बारवांचे पुनरुज्जीवन करताना दोन गोष्टी तपासाव्यात, असे आम्ही सुचवितो : पाण्याची वाट मोकळी आहे काय, आणि पायरी सर्वांना मोकळी आहे काय? यांपैकी एकीचेही उत्तर नकारार्थी असेल, तर दगड स्वच्छ झाले, पण बारव अद्याप गावाची झाली नाही, असे समजावे.