शेतमालाचें नांव आणि ऑनलाइन विक्री

शेतांतील माल अडत्याच्या हातीं न देतां मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकास विकणारे शेतकरी अलीकडे गांवोगांव दिसूं लागले आहेत. बाजारपेठेंत गिऱ्हाईक गुळाचा खडा तोंडांत टाकून पाहतें. ऑनलाइन विक्रींत त्याच्यापुढें नांव व चित्र यांखेरीज कांहींच नसतें. तेथें नांव हीच शेतकऱ्याची पत होय, व चोरी होते तीही प्रथम नांवाचीच.

ही चोरी कशी होते तें पाहण्याजोगें आहे. आपण आपल्या हळदपुडीचें पान ऑनलाइन बाजारांत उघडतों. छायाचित्रें आपलीं, अभिप्रायही आपल्याच गिऱ्हाइकांचे. दुसरा विक्रेता त्याच पानास चिकटतो, किंमत थोडी उतरवितो व पाठवितो भलतीच भुकटी. नफा त्याचा, शिव्या मात्र आपणांस. 'व्ही ट्रेडिशन' या कापडाच्या नांवासंबंधीं असेंच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढें आलें असतां, २०२२ सालीं न्यायालयानें असें चिकटणें मना केलें व त्या नांवापुरता हा मार्ग बंद करण्यास फ्लिपकार्ट कंपनीस फर्माविलें. संकेतस्थळाच्या नांवासही ट्रेडमार्काप्रमाणेंच संरक्षण मिळतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 'सिफी' या नांवाच्या वादांत २००४ सालींच दिला आहे.

आतां उपाय. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा असून त्याचा अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून सुरू झाला. अर्ज ऑनलाइन करितां येतो. एका व्यक्तीस दर वर्गामागें ४,५०० रुपये फी पडते. मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. ताजा आंबा ३१ व्या वर्गांत, त्याचाच मुरंबा २९ व्यांत, हळदपूड ३० व्यांत. इतरांचा माल दुकानांत ठेवून विकणें ३५ व्यांत. अर्ज ग्राह्य ठरल्यावर तो ट्रेडमार्क जर्नलांत प्रसिद्ध होतो व चार महिन्यांत कोणासही हरकत घेतां येते. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, तसाच हा प्रकार समजावा. नोंदणी होईपर्यंत नांवापुढें वर्तुळांतील आर हें अक्षर छापूं नये.

नांव निवडतांना घाई नको. 'शुद्ध', 'गांवरान', 'सेंद्रिय' हे शब्द मालाचा गुण सांगतात. ते एकट्याच्या मालकीचे सहसा होत नाहींत. आडनांव घातल्यास त्याच आडनांवाच्या दुसऱ्या गृहस्थास तें प्रामाणिकपणें वापरण्यास आडकाठी करितां येत नाहीं. 'हापूस' तर कोणाचाच ट्रेडमार्क होऊं शकत नाहीं. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांकरितां त्याची भौगोलिक मानांकनांत नोंद झाली असून तेथील बागायतदारास अधिकृत वापरकर्ता म्हणून निराळी नोंद करून घ्यावी लागते. म्हणून मालाच्या गुणाशीं संबंध नसलेला, चटकन् तोंडीं बसणारा शब्द शोधावा.

कागदावर माझा भर अधिक, कारण जन्म महसूल दप्तरांत गेला. जमिनीच्या कज्ज्यांत वहिवाट कोणाची हें जसें पाहतात, तसें येथें नांव प्रथम कोणीं वापरलें हें पाहतात. दुसऱ्यानें आपल्याआधीं नोंद केली तरी, त्याच्या वापराच्या व नोंदीच्याही पूर्वींपासून आपण तें नांव अखंड वापरीत असल्यास कलम ३४ अन्वयें तो आपणांस हटवूं शकत नाहीं. मात्र पुरावा तारीखवार हवा. पहिली पावती, पार्सलाची पोंच, छापखान्याचें बिल, जुनें वेष्टन हीं सर्व एका फाइलींत लावून ठेवावीं. नोंदणी नसतांही न्यायालयांत दाद मागतां येते. पण मग नांवाची ख्याति आधीं सिद्ध करावी लागते, व त्यांत पैसा आणि वर्षें दोन्ही जातात.

नक्कल आढळल्यास प्रथम त्या पानाचें चित्र तारखेसह जपावें, एक पुडा स्वतः मागवून पावतीसह न फोडतां ठेवावा, आणि मग नोंदणी क्रमांक देऊन बाजार चालविणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून ती फी भरून वाढवितां येते. परंतु सतत पांच वर्षें नांव वापरलेंच नाहीं, तर दुसऱ्याच्या अर्जावरून तें नोंदवहींतून काढलें जाऊं शकतें.