खेळण्यातल्या विटा : मोठ्यांचा छंद, कारागिराचा धडा

खेळण्यांच्या दुकानात पूर्वी गिऱ्हाईक आले की दुकानदाराचा पहिला प्रश्न असे, "मूल किती वर्षांचे आहे?" आता मोठ्या शहरांतील दुकानांत असे काही खोके दिसू लागले आहेत की ज्यांच्यावर "१८ वर्षे व त्यापुढील" असे छापलेले असते. आत प्लास्टिकच्या छोट्या विटा असतात. एकीवर एक दाबून बसवायच्या आणि इमारत, पूल, जहाज, मोटार काय हवे ते उभे करायचे. घेणारा नोकरदार, डॉक्टर, इंजिनियर किंवा व्यापारी असतो आणि तो हे खोके मुलासाठी नव्हे, तर स्वतःसाठी नेतो. अकोला-अमरावतीच्या बाजारात हा माल अजून थोडाच येतो. पण ज्या छंदापायी प्रौढ माणसे पदरचे हजारो रुपये खर्च करतात, तो छंद काय आहे आणि त्यात आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी काय आहे, हे समजून घेणे फायद्याचे ठरेल.

एका सुताराचा कारखाना

या विटांचे जगातील सर्वांत मोठे नाव लेगो. ही कंपनी कोणा भांडवलदाराने काढलेली नाही, एका सुताराने काढली. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले कर्क क्रिस्टियनसन यांनी १९१६ साली सुतारकामाचे दुकान विकत घेतले. दारे, खिडक्या, घरबांधणीचे लाकूडकाम हा त्यांचा धंदा होता. पुढे जागतिक मंदी आली, शेतकऱ्यांच्या हातात पैसा उरला नाही आणि बांधकामे थांबली. तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ साली "छान खेळ" अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव ठेवले. त्यांच्या कारखान्याला एकदा नव्हे, अनेकदा आग लागली. १९४२ साली तर सारा कारखानाच जळाला, पण त्यांनी तो पुन्हा उभारला.

त्यांच्या मुलाची एक हकिकत कंपनीच्या इतिहासात नोंदलेली आहे. मुलगा गॉडफ्रेड याने एकदा लाकडी बदकांना वार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले आणि पैसे वाचवल्याचे बापाला आनंदाने सांगितले. बापाने त्याला स्टेशनवर पाठवले, पाठवलेला माल परत आणायला लावला आणि तिसरा हात देऊनच तो पुन्हा रवाना करायला सांगितले. गिऱ्हाइकाच्या नजरेला तो तिसरा हात कदाचित दिसलाही नसता. पण माल आपल्या नावाने जातो, ही जाणीव त्या सुताराला होती. पुढे लाकूड जाऊन प्लास्टिक आले तरी हा कायदा बदलला नाही, हे पुढील हिशेबावरून दिसेल.

वीट धरून का राहते?

१९४६ साली ओले कर्क यांनी प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढणारे यंत्र मागवले. एका लाकूडकाम करणाऱ्या कारखान्यासाठी ती मोठी जोखीम होती. १९४९ साली त्यांच्या पहिल्या प्लास्टिक विटा बाजारात आल्या. ही कल्पना मुळात त्यांची नव्हती. इंग्लंडमधील हिलरी पेज यांच्या किडिक्राफ्ट कंपनीच्या विटा त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांत फेरफार करून आपल्या विटा बनवल्या, आणि पुढे १९८१ साली त्या जुन्या विटांचे हक्कही विकत घेतले. सुरुवातीच्या विटा आतून पोकळ असत. एकीवर एक बसत, पण घट्ट धरत नसत. उंच भिंत उचलली की ती सुटून पडे.

यावरचा उपाय २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झाला. विटेच्या पोटात गोल नळ्या बसवल्या. त्यामुळे खालच्या विटेची बोंडे वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये अडकतात आणि वीट तीन ठिकाणी धरली जाते. सुतारकामातील सांध्याचाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे सरस लागत नाही, खिळा लागत नाही, आणि हजारदा जोडून हजारदा सोडवता येते. १९६३ सालापासून विटांसाठी ए.बी.एस. हे टणक प्लास्टिक वापरात आले.

खरी करामत मापाची आहे. दोन बोंडांमधील अंतर ८ मिलिमीटर, बोंडाचा व्यास ४.८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी ३.२ मिलिमीटरची, म्हणजे तीन पट्ट्या मिळून बरोबर एक वीट. साच्यातली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत ठेवावी लागते. त्याहून सैल झाली तर वीट धरत नाही, घट्ट झाली तर सुटत नाही. हे माप इतके सांभाळले गेले की १९५८ सालची वीट आजच्या विटेवर आजही बसते. पासष्टहून अधिक वर्षे एकच माप राखणे हीच त्या धंद्याची पुंजी आहे. आठ बोंडांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असा गणित्यांचा हिशेब आहे.

मोठी माणसे यात कशी आली?

१९९०च्या दशकाच्या अखेरीस मुले संगणकावरील खेळांकडे वळली आणि लेगो कंपनी अडचणीत आली. तिने कपडे, घड्याळे, करमणुकीच्या बागा अशा अनेक धंद्यांत हात घातला. विटांचे प्रकार वाढत वाढत बारा-तेरा हजारांच्या घरात गेले. प्रत्येक प्रकाराला वेगळा साचा, आणि चांगला साचा फार महाग. २००३ साली मोठा तोटा झाला. २००४ साली यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प हे घराण्याबाहेरचे पहिले प्रमुख नेमले गेले. त्यांनी बागांचा धंदा विकला, विटांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणले आणि मूळ विटेकडे परत गेले. आपल्याकडे एका दुकानात कापड, किराणा आणि मोबाईल तिन्ही ठेवून तिन्ही बुडवणारे कमी नाहीत. त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

याच सुमारास कंपनीचे लक्ष प्रौढ गिऱ्हाइकांकडे गेले. ही मंडळी वर्षानुवर्षे आपापल्या गटांत जमत, स्वतःच्या कल्पनेने इमारती रचत. पण कंपनी त्यांना लेखत नव्हती. २००५ साली क्नुडस्टॉर्प स्वतः अमेरिकेतील अशा एका मेळाव्याला गेले. विटांपासून यंत्रमानव बनवण्याच्या संचाची नवी आवृत्ती काढताना कंपनीने चार प्रौढ हौशी माणसांना सल्ल्याला बसवले. पुढे इमारतींच्या प्रतिकृतींची मालिका २००८ साली निघाली. त्याच वर्षी ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल बाजारात आला, २०१७ साली तो पुन्हा काढावा लागला. २०२१ साली टायटॅनिक जहाज आले, त्यात ९,०९० तुकडे होते. "१८ वर्षे व त्यापुढील" हा शिक्का २०२० सालापासून सुरू झाला. २०२४ साली या कंपनीची उलाढाल ७४ अब्ज डॅनिश क्रोनरहून अधिक झाली. २०२५ साली भारतातील तिचे पहिले अधिकृत दुकान गुरुग्राम येथे उघडले.

दिवसभर गिऱ्हाईक, उधारी, फोन आणि हिशेब यांत डोके गुंतलेल्या माणसाला रात्री तासभर हाताने काहीतरी रचत बसण्यात विश्रांती मिळते. केलेले काम डोळ्यांसमोर वाढताना दिसते. चुकले तर नुकसान नाही, चार विटा काढायच्या आणि पुन्हा बसवायच्या. जो तास एरवी मोबाईल पाहण्यात जातो, तो येथे घरातील मुलांसोबत जातो. या छंदाचे सारे आकर्षण एवढ्यातच आहे.

वऱ्हाडातील नमुने

खोक्यातील कागद पाहून ताजमहाल रचणे ही पहिली पायरी झाली. खरा छंद आपल्या गावची इमारत आपण मोजून रचण्यात आहे, आणि वऱ्हाडात अशा इमारतींची वाण नाही. अकोल्याचा असदगड, बाळापूरचा किल्ला व छत्री, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, अचलपूरजवळील हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा आणि अमरावतीचा परकोट.

परकोटाचेच उदाहरण घेऊ. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून व्यापारी पेठेचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस हा दगडी तट बांधायला घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या. जुन्या गॅझेटियरात त्याची उंची २० ते २६ फूट दिली आहे. समजा आपण निवडलेला भाग २४ फूट, म्हणजे सुमारे ७३२ सेंटिमीटर उंच आहे. विटांच्या संचातील बाहुली सुमारे ४ सेंटिमीटरची असते. ती १६० सेंटिमीटरचा माणूस मानली तर प्रमाण चाळीसास एक पडते. ७३२ ला ४० ने भागले की १८.३ सेंटिमीटर. एका विटेची उंची ०.९६ सेंटिमीटर, म्हणजे १९ थर. आठ बोंडांची वीट ३.२ सेंटिमीटर लांब असते. हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या भिंतीला एका थरात १४ विटा लागतील. १९ गुणिले १४, म्हणजे २६६ विटा. दरवाजाच्या जागच्या विटा वजा करायच्या. असा हिशेब आधी केला म्हणजे माल वायफळ येत नाही.

कमान चौकोनी विटांतून कशी काढायची? प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा एक बोंड आत सरकवत न्यायचा, दोन्ही बाजू वर जाऊन मिळतात. जुने गवंडी दगडातही हेच करीत. सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, हा गवंड्याचा पहिला नियम येथेही लागू आहे, नाही तर भिंत उभी फाटते. हौज कटोऱ्यासारख्या अष्टकोनाला ४५ अंशांची तिरकी बाजू लागते. तिच्यासाठी बिजागरीच्या पट्ट्या मिळतात. दोन बाजू पाच-पाच घरांच्या घेतल्या तर कर्ण ७.०७ येतो, म्हणजे सात घरांत जवळजवळ बसतो. गवंडी गुण्या तपासताना तीन-चार-पाच लावतात, तेच गणित येथे मुलांच्या हातात येते. शाळेत न उमजलेला कर्ण असा टेबलावर उमजतो.

खर्च बेताचा ठेवावा

नामांकित कंपनीचे मोठे संच हजारो रुपयांचे असतात. तेथून सुरुवात करणे म्हणजे उधळपट्टी होय. प्रथम साध्या विटांचा मिश्र डबा घ्यावा. भारतीय बनावटीच्याही विटा मिळतात. घेताना दहा-बारा विटा जोडून उचलून पाहाव्यात, सहज गळून पडल्या किंवा नखे लावूनही सुटल्या नाहीत तर माप चुकलेले आहे. आकार कमी आणि संख्या जास्त हे धोरण ठेवावे. रंग दोन-तीनच असावेत. विटा कोमट पाण्याने धुवाव्यात, फार गरम पाण्याने वाकतात. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नयेत, रंग उतरतो. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर डबा उंचावर ठेवावा, कारण लहान तुकडा घशात अडकू शकतो.

विकणाऱ्याने आणि बनवणाऱ्याने काय जाणावे?

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. खोक्यावर आय.एस.आय. चिन्ह आणि त्याखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असलाच पाहिजे. तो नसलेला स्वस्त माल ठोक बाजारातून उचलून आणला तर छाप्यात माल जातो आणि वर दंड बसतो. आणणाऱ्याला सुटका नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. तेव्हा बिल पक्के घ्यावे आणि क्रमांक पाहूनच माल उचलावा.

हस्तकलेच्या कारागिरांना यात सवलत आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना हा आदेश लागू नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल करणाऱ्या आपल्या भागातील सुतारांसाठी ही नोंदणी म्हणूनच महत्त्वाची आहे. ओळखपत्र नसेल तर सवलत सांगता येत नाही.

विटेचे मूळ पेटंट केव्हाच संपले आहे. विटेचा आकार हाच आपला व्यापारचिन्ह असल्याचा लेगोचा दावा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० साली अमान्य केला. म्हणजे तशी वीट दुसरे कोणी बनवू शकतात. परंतु कंपनीचे नाव, चिन्ह, खोक्यावरील चित्रे आणि बाहुलीची ठेवण वापरणे हा वेगळा गुन्हा आहे. नक्कल खपते तेवढे दिवस खपते, मग नोटीस येते.

प्लास्टिकच्या साच्यात भांडवल अडकवणे प्रत्येकाला जमणार नाही. लाकडात मात्र वाव आहे. परतवाड्याच्या सागवानाची ख्याती आहे आणि प्रत्येक फर्निचरच्या कारखान्यात फूट-अर्ध्या फुटाच्या छाटी चुलीत जातात. त्यांतून एकाच मापाचे ठोकळे कापून, घासून, आपल्या परिसरातील दरवाजांचे व मनोऱ्यांचे जुळणीचे संच प्रौढांसाठी करता येतील. त्यासाठी इमारत नीट मोजलेली हवी, नकाशा समजेल असा हवा आणि शेवटचा ठोकळाही पहिल्याच्या मापाचा हवा. आधी एकच नमुना करून चार ओळखीच्या घरांत द्यावा, ते कोठे अडतात ते पाहावे आणि मगच दहा संच कापावेत. परकोट काही ठिकाणी ढासळला आहे. जो कारागीर आज टेप घेऊन त्याचा एखादा दरवाजा मोजेल, त्याच्याजवळ विकायला एक वस्तू तयार होईल आणि गावाजवळ त्या दरवाजाचे खरे माप उरेल.